गोठलेली माती

शीळफाट्याला बस सिग्नलवर अडकली आणि रसिका परुळेकरला खिडकीतून तो फ्लेक्स दिसला. मधोमध लाल जाड पार्का घातलेली अक्षदा, तिच्या खांद्याशी कुठूनतरी आणून चिकटवलेला पेंग्विन, आणि भोवती गोल चौकटींमध्ये हात जोडून उभे असलेले गावातले शुभेच्छुक. वर ठळक अक्षरांत: 'आगरी कन्येची दक्षिण ध्रुवावर झेप! कु. अक्षदा काळुराम मढवी हिचे हार्दिक अभिनंदन!'

रसिकाच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की ती ध्रुवावर गेलीच नव्हती, ध्रुव तिथून कितीतरी लांब. मग आलं, पेंग्विनचा काय संबंध? आम्ही मातीतले किडे बघतो. आणि मग सिग्नल सुटेपर्यंत ती नुसती त्या पार्क्याकडे बघत राहिली. त्याच्या बाह्या अक्षदाच्या बोटांपर्यंत आल्या होत्या. येणारच. मापं रसिकाची होती.

शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, "बघा, आपल्या इथली मुलगी. कुठच्या कुठे पोचली."

"हो ना," रसिका म्हणाली, आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

रसिका राहायला डोंबिवलीत आणि शिकवायला ठाण्यात, वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका कॉलेजात. विषय प्राणिशास्त्र. तिचं खरं प्रेम मात्र मातीतल्या जिवांवर. येऊरच्या जंगलातला पालापाचोळा, मलंगगडाच्या उतारावरची माती, असं काय काय ती वर्षानुवर्षं पिशव्यांत भरून आणायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायची. नवरा श्रीरंग गमतीने म्हणायचा, "लोक बायकोला दागिन्यांसाठी ओरडतात, मी चिखलासाठी ओरडतो."

अंटार्क्टिकाचा प्रस्ताव तिचा होता. तिकडे शिरमाखर नावाचा उघड्या खडकांचा एक पट्टा आहे. आजूबाजूला सगळा बर्फ, पण हा पट्टा उघडा. भारताचा 'मैत्री' हा संशोधन तळ तिथेच आहे. त्या खडकांच्या खाचांत चिमूट चिमूट माती साचते आणि त्या मातीत साध्या डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात: दोऱ्याच्या तुकड्यासारखे सूत्रकृमी, आठ पायांची गुबगुबीत पाणअस्वलं, टाचणीच्या टोकाहून बारीक, कोळ्यांच्या कुळातले माइट. एका जागी गर्दी, आणि तिथून हाताच्या अंतरावर एकही नाही. असं का, हा रसिकाचा प्रश्न. वर्गातली मुलं हमखास म्हणायची, थंडीमुळे. त्यावर ती म्हणायची, "अरे, थंडी सगळ्यांना सारखीच आहे. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की ओघळ कुठून वाहतो, वारा कुठे अडतो, पक्षी कुठे घरटं करतो, मातीत मीठ किती साठलंय, त्यावरून ठरतं तिथे कोण जगणार."

प्रस्ताव मंजूर झाला. निवड झाली. पार्क्यासाठी, बुटांसाठी मापं गेली. कॉलेजात सत्कार झाला. आणि मग मोहिमेच्या वैद्यकीय तपासणीत, ट्रेडमिलवर चालताना, तिच्या हृदयाचा एक ठोका चुकायला लागला. डॉक्टर चांगला माणूस होता. "मॅडम, डोंबिवलीत राहून तुम्ही नव्वदी गाठाल," तो म्हणाला. "पण तिथे वादळ सुरू झालं की आठवडाभर विमान उतरत नाही. मी सही करू शकत नाही."

पर्यायी नाव अक्षदाचं होतं. रसिकाची पीएचडीची विद्यार्थिनी. माइटच्या पायावरचे केस कसे ओळखायचे हे तिला रसिकानेच शिकवलेलं. बातमी कळल्यावर अक्षदा स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी नाही जात. तुमचं आहे ते. पुढच्या वर्षी परत टेस्ट द्या तुम्ही."

"वेडी आहेस का? पुढच्या वर्षी प्रोजेक्ट राहील का? जा तू. मस्त काम करून ये."

हे तिने इतक्या मोकळ्या आवाजात म्हटलं की तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. संध्याकाळी घरी येऊन भाजी चिरताना मात्र तिने सुरी ओट्यावर आपटली आणि श्रीरंगला म्हणाली, "तिला काय कमी आहे रे? बापाच्या जमिनीवर टॉवर उभे राहिलेत, घरासमोर दोन गाड्या आहेत. तिने नोकरी नाही केली तरी चालणार आहे. माझ्याकडे हे एकच होतं."

"तिने काय केलंय पण?" श्रीरंग म्हणाला.

"काही नाही. तिने काहीच केलेलं नाही," रसिका म्हणाली. राग त्याचाच होता.

अक्षदा गेली आणि फोटो यायला लागले. निळी तळी, रात्री अकराचं ऊन, खडकाच्या कपारीत बसलेले पांढरेशुभ्र पक्षी. श्रीरंग म्हणायचा, "काय सुंदर आहे गं!" रसिका फोटो बोटांनी मोठा करून खालची जमीन बघायची. मग लिहायची, 'उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारांवर बघ. तिथे ऊन उत्तरेकडून येतं. शेवाळ असेल.' दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं, 'मॅडम, तुम्ही म्हणालात तिथेच सापडलं! तुम्ही न बघता कसं ओळखता?' कौतुकच होतं ते, मनापासून केलेलं. पण 'न बघता' हे दोन शब्द रसिकाला दिवसभर टोचत राहायचे.

मार्चच्या शेवटी ती परत आली. गॉगलच्या जागी डोळ्यांभोवती गोरी वर्तुळं, बाकी चेहरा रापलेला, ओठांवर भेगा. रसिकाला त्या भेगांचासुद्धा हेवा वाटला. अंटार्क्टिकाला अक्षदा आता 'खाली' म्हणायला लागली होती. "खाली ना मॅडम, वारा सुटला की बोलता पण येत नाही." "खाली आम्ही पाणी असं वाया नसतो घालवत." प्रयोगशाळेत शिरली की पंखा वाढवायची आणि म्हणायची, "कसं राहतो आपण या उकाड्यात!" जणू ती तिथेच जन्मली होती.

गावात सत्कार झाला त्याला रसिकाला जावंच लागलं. हॉलमध्ये खुर्च्यांना पांढरी कापडं, स्टेजवर बर्फ म्हणून कापूस. अक्षदाचे वडील काळुराम मढवी पांढऱ्या शर्टात, गळ्यात सोन्याची चेन, डोळे भरलेले. त्यांच्या वडिलांचं आयुष्य खाडीकडच्या मिठागरात गेलेलं; काळुराम स्वतः भातशेती करत होते, जमीन विकेपर्यंत. त्यांनी स्वतःच्या हाताने रसिकाला शाल घातली आणि माइक हातात घेतला.

"मना जास्त बोलता येत नाय. पन येवरा सांगतो. ह्या म्याडम व्हत्या म्हनून आमची पोर तिकरं पोचली. ह्यांची जागा व्हती ती. ह्यांनी आमचे पोरीला दिली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रसिका हसली, हात जोडले. मनात म्हणाली, दिली नाही हो. घेतली गेली. अक्षदा स्टेजच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता, की रसिकाने नजर वळवून कापसाच्या बर्फावर नेली.

"जेवल्याबिगर जायाचा नाय," काळुरामांची बायको कांता तिचा हात धरून म्हणाली. रसिका जेवली. जेवण फार चांगलं होतं, त्याचाही तिला राग आला.

मातीचे नमुने जहाजाने आले. तिथून निघाल्यापासून सगळं गोठलेल्या अवस्थेत. कॉलेजचा डीप फ्रीझर लहान, म्हणून अर्धे डबे कॉलेजात आणि अर्धे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या औषध कंपनीच्या शीतगृहात ठेवले.

असे नमुने उघडायची एक रीत असते. ते जीव हिवाळ्यात आपलं पाणी हळूहळू कमी करत जातात, आवळतात, आणि जवळजवळ मेल्यासारखे होऊन पडून राहतात. त्यांना जागं करायचं तर तसंच हळूहळू करावं लागतं. आधी कमी थंड, मग आणखी कमी, मग साध्या फ्रिजमध्ये, असे काही दिवस जाऊ द्यायचे. एकदम उबेत आणलं तर त्यांच्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. हे काम रसिका स्वतः करणार होती, म्हणून प्रस्तावात तिने ते तपशिलाने लिहिलंच नव्हतं. अक्षदाने आजवर येऊरची नाहीतर मलंगगडाची माती हाताळलेली. तिथे माती पिशवीतून काढायची आणि सरळ कामाला लागायचं.

एप्रिलअखेरच्या एका सकाळी रसिका लेक्चरला निघाली होती. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. आत टेबलावर डबे मांडून ठेवलेले, त्यांच्यावर साचलेल्या हिमाचं पाणी होऊन टेबलावरून ठिबकत होतं. खिडकीतून ऊन येत होतं. अक्षदाने केस वर बांधलेले, हातात मोजे.

"मॅडम, आज सुरुवात केली. कधीपासून वाट बघत होते." ती थांबली. "असंच करायचं ना? बाहेर काढून ठेवलेत. दुपारपर्यंत मोकळी होईल माती."

रसिका दारात उभी होती. एक वाक्य पुरलं असतं. अगं, आत ठेव पटकन, फ्रिजमध्ये. तेवढंच. अजून फार काही वितळलेलं नव्हतं. वाक्य तिच्या जिभेवर होतं. आणि त्याच वेळी तिला वाटलं, हिला सगळंच मिळालं. आता ह्यातलंही मीच सांगायचं, आणि मग पुन्हा स्टेजवर ही.

"हो," ती म्हणाली. "कर."

आणि ती लेक्चरला गेली. गांडुळाची रक्ताभिसरण संस्था शिकवली. फळ्यावर आकृती काढली, ती नेहमीपेक्षा चांगली आली. मधे दोनदा वाटलं, अजून वेळ आहे, जाऊन सांगावं. तास संपल्यावर ती स्टाफरूममध्ये गेली आणि चहा प्यायली.

त्या आठवड्यात अक्षदा सूक्ष्मदर्शकावरून हललीच नाही. पहिल्या दिवशी म्हणाली, अजून काही हलताना दिसत नाही. मग म्हणाली, वेळ लागत असेल. मग बोलायचीच थांबली. शेवटी एका दुपारी रसिका आत आली तेव्हा ती स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती, गुडघ्यांत तोंड घालून.

"सगळं मेलंय मॅडम. एकसुद्धा हलत नाही. शेवाळातलं पण नाही. तिथे मी ताजं बघितलेलं, वळवळत होतं." तिने तोंड वर केलं. "जहाजावर फ्रीझर बंद पडला असेल का? की मीच भरताना चूक केली? तुमची जागा घेतली मी, आणि वाया घालवली."

रसिकाला आधी काय वाटलं ते हे: बरं वाटलं. उकाड्यात गार पाण्याचा घोट जावा तसं. ते तिला स्वतःला इतकं स्पष्ट जाणवलं की तिने टेबलाची कड धरली.

"बघू," ती म्हणाली. "ऊठ."

ती सूक्ष्मदर्शकावर बसली. इतक्या वर्षांत त्या मातीकडे पहिल्यांदा बघत होती. आल्यापासून एकदाही तिने डबा उघडून बघितला नव्हता, मुद्दामच. भिंग फिरवून तिने नजर नीट केली आणि ते दिसले. पाण्यात लांब होऊन पडलेले सूत्रकृमी, सरळ, दोरा तुटून पडावा तसे. एक माइट, सगळे पाय पोटाशी. आणि एक पाणअस्वल, अर्धवट उलगडलेलं, पुढचे पाय बाहेर आणि मागचे अजून आत. उठायला निघालं होतं आणि मधेच संपलं. वीस वर्षं ज्यांची चित्रं बघितली ते हेच. किती दुष्काळ, किती बर्फ, किती अंधार सोसून ते जगले होते. ठाण्यातल्या एका सकाळी ते मेले.

शेजारच्या वर्कशॉपमधला प्रेस धडधडत होता. रसिकाने डोळे बाजूला घेतले नाहीत, भिंगात बघतच बोलली.

"जहाजावर काही झालेलं नाही. हे हळूहळू वितळवायचे असतात, दिवस लावून. मला माहीत होतं."

"म्हणजे?"

"तू विचारलंस, असंच करायचं ना. मला माहीत होतं की असं नाही करायचं."

अक्षदाने टेबलावरच्या डब्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "का?"

"तू गेलीस म्हणून."

"तुम्हीच म्हणालात जा!"

"हो."

अक्षदाने मोजे काढले, एकात एक घालून टेबलावर ठेवले, बॅग उचलली आणि गेली. दार लावतानाही आवाज केला नाही. रसिकाला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती पुढचे काही दिवस आली नाही. फोन उचलला नाही. श्रीरंगला रसिकाने सगळं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्याशी काय बोलतेस? तिच्याकडे जा." रविवारी ती रिक्षा करून मढव्यांच्या घरी गेली. कांताने दार उघडलं आणि तोंडभर हसली. म्हणजे पोरीने घरी काही सांगितलेलं नव्हतं.

"बरी नाय म्हनते. वर गच्चीवं बसलेय. तुमीच बगा म्याडम, आमचा ती आयकत नाय."

गच्चीवर पत्र्याची शेड होती, खाली नव्या इमारतींचे सांगाडे. अक्षदा खुर्चीत बसली होती. तिने उठून नमस्कार केला नाही. रसिका उभीच राहिली.

"मी माफी मागायला आले नाही," रसिका म्हणाली. "म्हणजे, मागायची आहेच. पण त्याने काही होणार नाही."

"ती शेवाळाची माती मी कशी काढली सांगू तुम्हाला?" अक्षदा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पोटावर झोपून. वारा एवढा की उभं राहता येत नव्हतं. मोजे घालून चमचा धरता येईना, म्हणून काढले. बोटं पांढरी पडली, मग दुखायला लागली, मी रडत होते. बरोबरचा माणूस म्हणाला, सोड, उद्या ये. मी म्हटलं नाही, मॅडमनी सांगितलेली हीच जागा आहे. मॅडमना ही माती बघायची आहे." ती थांबली. "तुम्हाला, मॅडम. माझ्यासाठी नव्हते काढत मी."

खाली कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

"शीतगृहातले डबे आहेत अजून," अक्षदा म्हणाली. "ते तुम्ही उघडायचे. मी हात लावणार नाही. आणि कॉलेजात सगळ्यांना सांगायचं काय झालं ते. माझ्याकडून चूक झाली असं मी कोणाला वाटू देणार नाही."

"सांगते."

"प्रोजेक्टचं प्रमुखपण पण सोडायचं."

हे रसिकाला अपेक्षित नव्हतं. मग म्हणाली, "बरं."

प्राचार्यांच्या खोलीत, विभागातल्या सगळ्यांसमोर तिने सांगितलं. मला माहीत होतं आणि मी थांबवलं नाही. एवढंच. प्राचार्य विचारत राहिले, दुर्लक्ष झालं असं म्हणायचंय का तुम्हाला, कामाच्या गडबडीत राहून गेलं असं? त्यांनी दिलेली ती वाट सोपी होती. "नाही सर," ती म्हणाली. "मुद्दाम." त्यानंतर स्टाफरूममध्ये ती आली की गप्पांचा आवाज बारीक व्हायचा. तो पुढे बरेच महिने तसाच राहिला.

उरलेले डबे तिने स्वतः उघडले. एक एक पायरी वर आणत. इस्टेटमध्ये वीज जायची, तेव्हा बर्फाच्या लाद्या मागवून थर्मोकोलच्या पेटीत डबे त्यांच्यामध्ये ठेवायची आणि हातात थर्मामीटर घेऊन बाजूला बसायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेज रिकामं होतं. कोणी मदतीला नव्हतं आणि तिने मागितलीही नाही.

पहिली माती ओघळाच्या काठच्या शेवाळातली. गार पाण्यात भिजवून तिने बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सकाळभर काही नाही. दुपारी एका गुंडाळलेल्या सूत्रकृमीचं टोक किंचित सुटलं. मग परत स्थिर. तिने श्वास रोखला. ते पुन्हा हललं, आळस दिल्यासारखं, आणि सबंध जीव उलगडून वळवळायला लागला. त्याच्या पलीकडे पिंपासारख्या एका सुरकुतलेल्या कणातून पाय फुटावेत तसे एकेक पाय बाहेर आले, आखूड, नखांचे. पाणअस्वल उठलं आणि शेवाळाच्या पात्याला धरून चढायला लागलं.

रसिका हसली, मोठ्याने, एकटीच. फोन हातात घेतला. आणि मग बाजूला ठेवला. आत्ता ह्या क्षणी सबंध देशात हे फक्त ती बघत होती. अक्षदाने बर्फ बघितलं, तळी बघितली, ते ऊन बघितलं, हे नाही. हे थोडा वेळ तरी आपलं असावं. ती बघत राहिली, चहा गार होईपर्यंत. मग तिला स्वतःची लाज वाटली आणि तिने फोन लावला.

"उठलेत," ती म्हणाली.

अक्षदा शीळहून तासाभरात आली. न बोलता स्टुलावर बसली, भिंगात बघितलं. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा रसिकाला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. "अरे यार," ती पुटपुटली, "चालतंय बघ कसं."

पुढचे महिने दोघी एकाच टेबलावर काम करत होत्या आणि कामापुरतंच बोलत होत्या. मेलेले नमुनेही त्यांनी सोडले नाहीत. साखरेच्या पाण्यात माती घुसळली की शरीरं वर येतात, ती मोजता आली. त्यातले तिथेच, आधीच मेलेले किती आणि ठाण्यात मेलेले किती, हे मात्र आता कोणालाच कळणार नव्हतं. अर्ध्या कामाला ते भोक कायमचं राहिलं.

उरलेलं मात्र बोलकं निघालं. ओघळाच्या काठी आणि शेवाळात गर्दी होती, सगळ्या जातींची. पक्ष्यांच्या घरट्याखाली काही थोड्या जाती, पण भरमसाठ संख्येने. ओघळापासून दूर, जिथे जमिनीवर मिठाचा पांढरा थर आला होता, तिथे एकाच जातीचे सूत्रकृमी, आवळून पडलेले, पाण्याची वाट बघत. बाकी कोणी नाही. आणि एका ठिकाणी, मोठ्या दगडाच्या आडोशाला, माती कोरडी असूनही माइट सापडले. त्यांचं तिथे असणं रसिकाच्या मांडणीत बसत नव्हतं.

"इथे पाणी नाही, पक्षी नाही. कसे काय आले?" रसिका म्हणाली.

"सकाळी त्या दगडावर हिम साठायचं आणि उन्हाने थेंब थेंब खाली यायचं," अक्षदा म्हणाली. "फोटोत दिसणार नाही. मी तिथे बसून डबा खायचे रोज."

ते तिथे बसल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं. रसिका तिथे कधीच बसणार नव्हती. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "लिही मग. तुझं निरीक्षण आहे."

शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव अक्षदाचं. पुढच्या मोहिमेसाठी अक्षदाची निवड तिच्या स्वतःच्या प्रस्तावावर झाली, गोव्याच्या एका संस्थेतर्फे. कॉलेज ती सोडणार होती. निरोप घ्यायला आली तेव्हा रसिका पेपर तपासत होती.

"कुठे काढणार आहेस ह्या वेळी?" रसिकाने विचारलं.

"पूर्वेकडच्या तळ्यांजवळ. तिथे मीठ जास्त आहे."

रसिकाने पेन खाली ठेवलं. "मला तुझा हेवा वाटतो अक्षदा. अजून. गेला नाही तो."

"माहितेय," अक्षदा म्हणाली. बॅगेचा पट्टा तिने खांद्यावर सरकवला. "मी तुम्हाला माफ केलंय की नाही ते मला पण कळत नाही मॅडम. कधी वाटतं केलं. कधी त्या टेबलाकडे बघितलं की परत राग येतो."

"येऊ दे."

"पण तुम्ही बोलत जा. हे आत्ता बोललात ना, तसं. तुम्ही गप्प बसता ना, तेव्हा मला भीती वाटते."

रसिकाने मान हलवली. मग खुर्ची ओढून पुढे केली. "बस जरा. त्या तळ्यांच्या काठी नुसती वरची माती घेऊ नकोस. मीठ वरती येतं, जीव खाली गेलेले असतील. किती खोल खणायचं ते तिथे गेल्यावर तुलाच ठरवावं लागेल, पण निदान..."

अक्षदा बसली. तिने बॅग मांडीवर घेतली, आणि मधेच थांबवून म्हणाली, "एक मिनिट मॅडम, खाली खणायला तिथे परवानगी नसते एवढी." मग त्या दोघी त्यावरून वाद घालायला लागल्या.